अकरावं वर्तुळ

"तुमच्या गावी नदी आहे?" शनसाहेबांनी विचारलं.

"आहे."

"पूर येतो?"

"येतो."

"मग पाणी कुठून जातं?"

"आमच्या घरातून," मी म्हटलं.

मी हे वैतागून म्हटलं होतं. खोटं मात्र नव्हतं. पाचच वर्षांपूर्वी सांगलीच्या आमच्या घरात छातीभर पाणी होतं. शनसाहेबांनी मान हलवली, पेन्सिल उचलली आणि समोरच्या कागदाच्या कडेला ते टिपून ठेवलं. त्यांच्यासमोर कुणी काहीही बोललं की ते टिपून ठेवायचे. समोरच्याला धड चिडूसुद्धा द्यायचे नाहीत.

त्या खुर्चीत बसायची माझी ती नववी वेळ होती. टेबलावर तीच निळ्या पुठ्ठ्याची फाइल आणि तिच्या पहिल्या पानावर तीच अकरा नावं. दहा नावांभोवती दहा वर्तुळं काढलेली होती. अकरावं नाव होतं शन वेइमिन, उपमहापौर. त्याच्याभोवती काही नव्हतं.

ही वर्तुळाची भानगड आधी सांगायला हवी. चीनमधल्या सरकारी कचेरीत कागद एका साहेबाकडून दुसऱ्या साहेबाकडे फिरतो आणि ज्याच्यापुढे येतो तो वाचून आपल्या नावाभोवती एक वर्तुळ काढतो. सही नाही, शेरा नाही, नुसतं वर्तुळ. त्याचा अर्थ एवढाच, की पाहिलं. मान्य आहे असं नाही आणि अमान्य आहे असंही नाही. उद्या काही उलटसुलट झालं तर वर्तुळवाला हात झटकून मोकळा. आपल्याकडचे साहेब 'चर्चा करावी' असं लिहून फाइल परत पाठवतात, त्याहून हे कितीतरी सुबक.

अख्ख्या शहराला जमणारी ही गोष्ट एकट्या शनसाहेबांना जमत नव्हती, कारण ते मूळचे बँकेतले. एकोणिसाव्या वर्षी खेड्यातल्या पतपेढीच्या काउंटरवर लागलेला हा माणूस चढत चढत प्रांताच्या मोठ्या बँकेत कर्जाचे अर्ज तपासणाऱ्या विभागाचा प्रमुख झाला. सेहेचाळिसाव्या वर्षी पक्षाने त्यांना तिथून उचललं आणि युनथांगच्या उपमहापौराच्या खुर्चीत आणून बसवलं. शहराचं नाव मी बदललंय. बँकेची माणसं शहरांच्या कारभारात घालायची अशी तेव्हा तिथे टूम निघाली होती. आता बँकेत त्यांना तीनच गोष्टी शिकवलेल्या. मान्य, अमान्य किंवा माहिती अपुरी. यातलं एक लिहायचं, खाली सही करायची आणि ती सही मरेपर्यंत आपली. नुसतं वर्तुळ काढून फाइल पुढे ढकलायची म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं.

"वू बाई," ते म्हणाले. उपाध्ये हे आडनाव कुणाच्या जिभेला झेपत नसल्याने तिथे सगळ्यांनी मला वू करून टाकलं होतं. "तुमच्या जागेच्या मधून ओढा जातो. त्याच्यावर कारखाना बसणार. ओढ्यासाठी नकाशात दोन पाइप दाखवलेत. पावसाळ्यात ते पाणी दोन पाइपांत मावणार नाही. मागच्या बाजूला श्याथांग वस्ती आहे, चाळीस घरांची. पाच पाइप टाका, मी याच क्षणी 'मान्य' लिहितो."

"पाच पाइप टाकायचे तर भट्टीची शेड सरकते साहेब. शेड सरकली की सगळा नकाशा नवा. चार महिने जातील."

"जातील," ते शांतपणे म्हणाले आणि माझ्या कपात गरम पाणी ओतलं. चहा नाही, पाणीच.

त्यांचे चार महिने जाणार नव्हते, माझे जाणार होते. जयसिंगपूरच्या आवटी इंजिनिअर्सने मला तिकडे पाठवलं ते सहा महिन्यांसाठी. पंपांना लागणारं बिडाचं ओतकाम करणारी ही कंपनी, तिला चीनमध्ये कारखाना काढायचा होता आणि मी पुण्यात चिनी शिकलेली, कंपनीतली एकुलती एक. सहाचे बघता बघता वीस महिने झाले होते. सांगलीत नवरा फोनवर 'जेवलीस का' याच्या पुढे सरकत नव्हता आणि चार वर्षांच्या मुलीने मागच्याच आठवड्यात मला फोनवर मावशी म्हटलं होतं. जमिनीचा ताबा मिळाला की त्याच आठवड्यात तुझं तिकीट, असा मालकांचा शब्द होता. आणि ताबा मिळायला अकरावं वर्तुळ हवं होतं.

बाहेर व्हरांड्यात ल्यू बाई उभ्या होत्या. शनसाहेबांच्या कचेरीचं सगळं त्या बघायच्या. पन्नाशीच्या, सदा हातात चहाचा थर्मास.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"पाणी."

ल्यू बाईंनी डोळे मिटून घेतले. "पुढच्या वर्षी त्यांना महापौर करायचं चाललंय. परदेशी कारखाना आला की ते ठरल्यातच जमा. आणि तोच कारखाना हे अडवून बसलेत. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारा असा माणूस मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं."

त्याच दुपारी भूपालअण्णांचा फोन आला. भूपालअण्णा आवटी म्हणजे आमचे मालक.

"शैला, गुरुवारी अकरा बावीस," ते म्हणाले.

"काय गुरुवारी?"

"मुहूर्त. तुझ्या वडलांनीच काढून दिलाय. मी बुधवारी उतरतोय, नारळ घिऊन."

माझे वडील मिरजेच्या जैन मंदिरात उपाध्ये. निदान त्यांनी तरी मला विचारायचं होतं.

"अण्णा, अजून ते अकरावं वर्तुळ..."

"किती दिस फिरायचं गं त्या वर्तुळाभवती? घाण्याचा बैल झालीस तू."

"पाणी कुठून जाणार म्हणून विचारतात."

"पाणी उताराला जातंय म्हणावं. पाण्याला काय शिकवाय लागतंय व्हय?"

"पाच पाइप टाका म्हणतात."

"पाच टाकलं की शेड सरकली, शेड सरकली की दिवाळी गेली आणि दिवाळी गेली की तिकडची गिऱ्हाइकं गेली." मग त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ बाई, गुरुवारी नारळ फुटला तर शनवारी तुला घराकडं लावून देतो. न्हाई फुटला तर नवा नकाशा हुईस्तवर ऱ्हा तिथंच, त्या बँकवाल्याबरोबर पाणी मोजत."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीपाशी बसून राहिले. आमच्याकडे कुठलंही काम कागदावर सुरू होत नाही, नारळावर सुरू होतं. परवानगी नंतर येते, नकाशा नंतर येतो, कधीकधी तर जमीनसुद्धा नंतर येते. नारळ फुटला की मात्र काम थांबवायची कुणाची छाती होत नाही. तिथे बसल्या बसल्याच मला ते सुचलं.

मंगळवारी सकाळी मी दहाव्यांदा त्या खुर्चीत जाऊन बसले.

"साहेब, उद्या आमचे मालक येतायत. परवा जागेवर छोटीशी प्रार्थना आहे. तुम्ही यावं अशी त्यांची इच्छा आहे."

"पायाभरणी?" त्यांनी लगेच विचारलं. "फाइल पूर्ण झाल्याशिवाय पायाभरणीला मला येता येणार नाही."

"पायाभरणी नाही. प्रार्थना. जमीन खणायच्या आधी आम्ही क्षमा मागतो. मातीत लहानमोठे जीव असतात. खणताना ते मरतात, म्हणून त्यांची आधीच क्षमा मागायची."

यातला शब्दन् शब्द खरा होता. वडिलांच्या मागे पूजेचं तबक धरून मी लहानपणी हे पन्नास वेळा ऐकलं होतं. खरं होतं म्हणूनच ते माझ्या तोंडून इतकं सफाईने निघालं.

शनसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "क्षमा कुणी मागायची?"

"जो खणणार त्याने. आणि जो खणू देणार त्यानेही." हे दुसरं मी तिथल्या तिथे जोडलं.

"आणि खणणार कधी?"

"फाइल पूर्ण झाल्यावर."

"माझी आई नांगरट सुरू करण्यापूर्वी बांधावर उदबत्ती लावायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, पीक मागते. कदाचित क्षमाच मागत असेल." मग त्यांनी मान हलवली. "येईन. प्रार्थनेला यायला वर्तुळ लागत नाही."

त्या दिवशी त्यांनी काहीही टिपून ठेवलं नाही.

बुधवारी अण्णा उतरले आणि नकटीच्या लग्नातलं पुढचं विघ्न विमानतळावरच उभं राहिलं. कस्टमवाल्यांनी तिन्ही नारळ काढून घेतले.

"देवाचं हाय म्हणून सांग त्यास्नी," अण्णा म्हणाले.

मी सांगितलं. त्यांनी देवाच्या तीन नारळांची रीतसर पावती फाडून दिली.

मग नारळाचा शोध. बाजारात जावं तिथे हिरवी शहाळी, वर नळी खोचलेली. शहाळ्यावर मुहूर्त करायला अण्णा तयार नव्हते. सहा दुकानं पालथी घातल्यावर अखेर एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात सुका नारळ मिळाला. नारळाच्या पाण्यात कोंबडी शिजवण्यासाठी ते हॉटेल प्रसिद्ध होतं. जैन माणसाच्या भूमिपूजनाचा नारळ कोंबडीच्या हॉटेलातून आला, हे मी अण्णांना कधी सांगितलं नाही.

"शेंडी न्हाई ह्येला," अण्णा तो फिरवून बघत म्हणाले.

"इथले असेच असतात."

"देशच तसला," अण्णा म्हणाले आणि झोपायला गेले.

गुरुवारी शनसाहेब साडेदहालाच आले. गाडी रस्त्यावर सोडून एकटेच चालत ओढ्याकडे गेले, काठाकाठाने पार श्याथांगपर्यंत जाऊन आले. परतले तेव्हा बूट घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले होते.

"ह्योच व्हय बँकवाला?" अण्णांनी मला हळूच विचारलं. "बुटाकडं बघ की त्याच्या. कुळवाड्यागत फिरून आलाय."

चौरंग नव्हता म्हणून पत्र्याच्या खुर्चीवर सगळं मांडलं होतं. हळद, कुंकू, फुलं, तांदूळ आणि समोर एक सपाट दगड. उपाध्याची मुलगी म्हणून मंत्र माझ्याकडे. मी म्हणत होते आणि अण्णांचं लक्ष घड्याळात होतं. शनसाहेब हात जोडून उभे होते. ते मला काही सांगायला लागलं नव्हतं, अण्णांकडे बघून त्यांनी तसे जोडले होते.

क्षमेचा श्लोक शेवटी येतो. मी तिथपर्यंत आले आणि अण्णांनी माझ्या हाताला धरलं.

"ऱ्हाऊ दे आता. दोन मिन्टं ऱ्हायल्यात. नारळ दे त्यांच्या हातात."

"अण्णा, एकच श्लोक राहिलाय. त्यासाठीच तर त्यांना बोलावलंय."

"घरात जाऊन म्हण. मुहूर्त काय तुझ्यासाठी थांबतोय?"

मी नारळ उचलून शनसाहेबांपुढे धरला.

"मी?" त्यांनी विचारलं.

"पाहुण्याचा मान असतो. त्या दगडावर फोडायचा."

"आणि त्यानंतर काय होतं?"

तशा घाईतही त्यांना हा प्रश्न पडला. दुसऱ्या कुणालाही पडला नसता.

"काही नाही," मी म्हटलं. "खोबरं वाटतात."

पहिल्या दोन फटक्यांना नारळाला काही झालं नाही. तिसऱ्याला तो फुटला आणि पाणी त्यांच्या बाहीवरून खाली ओघळलं. अण्णांनी हात वर केला. बांबूच्या झाडीआड उभं असलेलं खोदकामाचं यंत्र घरघरत पुढे आलं आणि त्याने आमच्यापासून वीस पावलांवर मातीत पहिला घास घेतला. ल्यू बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. कुणीतरी पुढे होऊन फोटो काढले. शनसाहेब दोन हातांत दोन वाट्या घेऊन उभे होते. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, फोटोवाल्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी खोबरं वाटायला वळले.

शुक्रवारच्या पेपरात पहिल्या पानावर तो फोटो होता. 'उपमहापौर शन यांच्या हस्ते भारतीय कारखान्याची पायाभरणी.' आठ वाजता महापौरांनी शनसाहेबांना अभिनंदनाचा फोन केला. साडेआठला जमीन खात्याने ल्यू बाईंना विचारलं, साहेबांनी स्वतः मुहूर्त केलाय तर फाइल अजून कशाला अडलीय? नऊला मला बोलावणं आलं.

टेबलावर घडी घातलेला पेपर होता आणि शेजारी निळी फाइल.

"यंत्र येणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"पेपरला कुणी कळवलं?"

अण्णांच्या नावावर ढकलता आलं असतं. "मी," मी म्हटलं.

मी वाट बघत होते की आता तरी हा माणूस ओरडेल. ओरडला असता तर मलाही चार शब्द सुनावता आले असते. वीस महिने, दहा खेपा, गरम पाणी, सगळं ओठांवर येऊन थांबलं होतं. त्यांनी विचारलं, "घरी कोण असतं तुमच्या?"

"मुलगी. चार वर्षांची."

त्यांनी मान हलवली आणि खिडकीकडे पाहत बोलायला लागले. "मी तेवीस वर्षांचा होतो तेव्हा एका वीटभट्टीच्या कागदावर मी 'मान्य' लिहिलं. अर्ज चोख होता, माणूस चोख होता. पाणी कुठून जातं, हे विचारायचं मला सुचलं नाही. भट्टीचा बांध घातला आणि दुसऱ्या वर्षी पाणी बांधाला अडून मागच्या गावात शिरलं. भट्टीला काहीच झालं नाही. बँकेने मला बढती दिली. तेव्हापासून मी तेवढं एकच विचारतो."

"साहेब, अजूनही तुम्ही नाही म्हणू शकता."

"काल म्हणू शकत होतो. नारळ हातात घेण्याआधी. आज नाही म्हटलं तर लोक विचारतील, मग काल तिथे काय करत होतात?" त्यांनी पेन्सिल बाजूला सारली आणि खिशातून पेन काढलं. "मी प्रार्थनेला आलो होतो, हे मी कुणाला सांगू?"

त्यांनी आपल्या नावाभोवती वर्तुळ काढलं. हात नवशिक्याचा होता, वर्तुळाची दोन टोकं धड जुळली नाहीत. मग त्याच्या शेजारी बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं, 'जागा पाहिली. नारळ मी फोडला. पाणी कुठून जाणार, हा प्रश्न बाकी आहे.' आणि खाली पूर्ण सही केली.

बाहेर ल्यू बाईंनी ते वाचून कपाळाला हात लावला. "नुसतं वर्तुळ पुरलं असतं. हे लिहायची काय गरज होती?"

मला त्या ओळीशी काही घेणं नव्हतं. मला अकरा वर्तुळं मोजता आली, तेवढं बस होतं. शनिवारी संध्याकाळी मी विमानात होते. मुलीला परत आई म्हणायला दोन महिने लागले.

कारखान्याला दोनच पाइप पडले. तिसऱ्या पावसाळ्यात तिथे चार दिवस सलग पाऊस झाला आणि ओढा आमच्या भिंतीला अडून श्याथांगमध्ये शिरला. चाळीस घरं पाण्यात गेली, दोन म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढता आलं नाही. आमच्या शेडमध्ये पाण्याचा थेंब नव्हता. चौकशी बसली. फाइल निघाली. दहा जणांनी सांगितलं की वर्तुळ म्हणजे नुसतं पाहिलं, संमती कुठे दिली? ते बरोबरच होतं. अकराव्याने मात्र लिहून ठेवलं होतं. प्रश्न माहीत असूनही याने नारळ फोडला, असा त्या ओळीचा अर्थ चौकशीवाल्यांनी काढला. अख्ख्या फाइलमध्ये पाण्याबद्दल लिहिणारा एकच माणूस होता आणि तोच सापडला.

मला जयसिंगपूरच्या ऑफिसात त्या चौकशीचा फोन आला. समोर अण्णा बसले होते.

"त्या समारंभाने काम सुरू होणार, याची शन यांना कल्पना होती का?" पलीकडच्या माणसाने विचारलं.

अण्णांना चिनी येत नव्हतं, पण प्रश्न कळला होता. ते माझ्याकडे नुसते बघत होते.

"आमच्याकडे नारळ फुटला की काम सुरू होतं," मी म्हटलं. "हे सगळ्यांनाच माहीत असतं."

पलीकडून आभार मानले गेले. मी खोटं बोलले नव्हते.

अण्णांनी पुढे तो कारखाना विकला. २०१८ साली त्या विक्रीच्या कागदांसाठी मी पुन्हा युनथांगला गेले. ल्यू बाई निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्याकडून शनसाहेबांचा पत्ता मिळाला. बसने दोन तास लांबच्या एका गावात पतपेढीची शाखा होती. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी जिथे सुरुवात केली तीच. आता दाराजवळ एका छोट्या टेबलाशी बसून ते म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म भरून देत होते. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं, स्टूल पुढे केलं आणि कपात गरम पाणी ओतलं.

"मुलगी किती मोठी झाली?"

"बारा वर्षांची."

"वा." समोरच्या आजींचा फॉर्म पुरा करून त्यांनी तो त्यांना दिला. मग म्हणाले, "मला तुम्हाला एक विचारायचं होतं."

मी ताठ झाले. फोनवर खरं का सांगितलं नाहीत, या प्रश्नाची उत्तरं मी पाच वर्षं घोकत होते.

"त्या दिवशी तुम्ही जे म्हणत होतात, त्यातले क्षमेचे शब्द कुठले होते? मी त्यांची वाट बघत होतो. पण मला ओळखता आले नाहीत."

"ते म्हटलेच नाहीत," मी म्हटलं. "वेळ नव्हता."

"अच्छा." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "शाखा पाचला बंद होते. आता वेळ आहे."

मी तिथेच, पासबुकं घेऊन बसलेल्या दोन आजींच्या शेजारी, हलक्या आवाजात तो श्लोक म्हटला. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला, सगळ्या जिवांना मी क्षमा करते आणि सगळ्या जिवांनी मला क्षमा करावी. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहून द्या."

मी चिनीत तो अर्थ लिहिला. मग हात थांबेना. खाली लिहिलं, 'ती पायाभरणी आहे हे शन वेइमिन यांना माहीत नव्हतं. त्यांना मी प्रार्थनेला बोलावलं. पेपरला मी कळवलं. फोनवर विचारलं तेव्हा हे मी सांगितलं नाही.' आणि सही केली. शैला उपाध्ये, पूर्ण नाव.

त्यांनी कागद दोनदा वाचला, ओळीखाली बोट धरून. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. त्यांनी पेन घेतलं, वरच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं आणि त्याच्याभोवती एक वर्तुळ काढलं. या वेळी टोकं नीट जुळली. मग कागद माझ्याकडे सरकवून ते पुढच्या आजींच्या फॉर्मकडे वळले.

मी वर्तुळाच्या शेजारी पाहिलं, खाली पाहिलं, कागद उलटूनही पाहिला. त्यांनी दुसरं काही लिहिलं नव्हतं.